चौल, रेवदंडा, कोर्लई: एक जुनं बंदर दोन दिवसांत नीट कसं पाहावं

शनिवारी सकाळी अलिबागहून मुरुड-काशीदकडे निघालेल्या गाड्यांची रांग चौलमधूनच जाते. नारळी-पोफळीच्या वाड्या, दोन्ही बाजूंना कुंपणं, मध्ये अरुंद रस्ता. फार तर शहाळ्यासाठी कोणी थांबतं. थांबून आजूबाजूला फिरलेलेही नंतर सांगतात, "चौलला गेलो, पण बघण्यासारखं काही सापडलं नाही." तक्रार खोटी नाही. चौलमध्ये तिकिटाची खिडकी नाही आणि 'इथून सुरुवात करा' असं सांगणारा फलकही नाही. दोन हजार वर्षांचं बंदर आठ-दहा किलोमीटरच्या टापूत विखुरलंय. एक तुकडा देवळात आहे, एक कोणाच्या तरी वाडीत, एक खाडीपलीकडच्या डोंगरावर. कुठला तुकडा कशाशी जोडायचा हे आधी ठाऊक असेल तर इथले दोन दिवसही कमी पडतात.

आधी खाडी समजून घ्या

निघण्याआधी फोनवर नकाशा उघडा आणि कुंडलिका नदी समुद्राला मिळते ती जागा शोधा. मुखाच्या उत्तर काठावर समुद्रालगत रेवदंडा आहे. त्याच्या मागे, आतल्या बाजूला चौल. दक्षिण काठावर समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड दिसते, ती कोर्लई. ही तीन ठिकाणं एकाच बंदराची अंगं आहेत. बाहेरून येणारं गलबत कोर्लईच्या सोंडेला वळसा घालून खाडीत शिरायचं. खाडीत निवारा मिळायचा, आणि माल आतल्या पेठेतून घाटमाथ्यावर जायचा.

ही पेठ फार जुनी. कान्हेरीच्या लेण्यांत दान दिल्याचे जे शिलालेख आहेत त्यांत 'चेमुल'चे रहिवासी येतात. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात 'सिमुल्ल' आहे. अल् मसूदी हा अरब प्रवासी इ.स. ९१५-१६च्या सुमारास इथे आला. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेल्या आणि इथेच वसलेल्या सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती त्याने नोंदवली आहे. पुढे शिलाहार, यादव, बहमनी, निजामशाही अशा राजवटी बदलत गेल्या, तरी बंदर चालूच राहिलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि चौल दुभंगलं. समुद्राकडचा भाग, म्हणजे आजचा रेवदंडा, पोर्तुगीजांचा झाला. आतलं चौल निजामशाहीकडे राहिलं. जुन्या कागदपत्रांत 'खालचं चौल' आणि 'वरचं चौल' असं येतं ते हेच.

डोक्यात एवढं असलं की जमिनीवर काय शोधायचं ते कळतं. वरच्या चौलमध्ये देवळं, तळी, हमाम, मशिदीचे अवशेष, रेवदंड्यात तटबंदी आणि चर्चचे मनोरे, कोर्लईला किल्ला. गावात 'चंपावतीत', म्हणजे जुन्या चौलात, '३६० देवळं आणि ३६० तळी होती' असं सांगणारं कोणीतरी भेटेलच. मोजायला बसू नका, पण वाड्यांच्या मधून चालताना इतकी बांधीव तळी लागतात की ही आख्यायिका कुठून आली असेल ते समजतं.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वात सोयीचा काळ. मार्चपासून उन्हाचा आणि दमट हवेचा त्रास सुरू होतो, आणि कोर्लईच्या डोंगरावर सावलीला झाड नाही. पावसाळ्यात गाव देखणं दिसतं, पण तटाचे दगड शेवाळलेले असतात आणि झाडोऱ्यात पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. किल्ले पाहायचे तर जून ते सप्टेंबर सोडाच. देवळं, वाडी आणि निवांत मुक्काम एवढंच हवं असेल तर खुशाल जा.

मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, चौल-भोवाळ्याची जत्रा भरते आणि पाच दिवस चालते. जत्रा पाहायला जात असाल तर तो अनुभव वेगळाच. पण त्या दिवसांत इतिहास बघत फिरणं जमायचं नाही. रस्ते तुंबलेले असतात आणि मुक्कामाची खोली महिनाभर आधी धरावी लागते. जानेवारी-फेब्रुवारीत गेलात तर पोपटी खायला मिळण्याची शक्यता असते. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी किंवा कोंबडी, आणि भांबुर्डीचा पाला, सगळं मडक्यात भरून मडकं उपडं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. हॉटेलात मिळणारी पोपटी आणि वाडीत रात्री लावलेली पोपटी यांत फरक आहे. मुक्काम ठरवतानाच घरमालकांना विचारा.

शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा. अलिबाग ते रेवदंडा हे एरवीचं अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर शनिवारी दुपारी त्याच्या दुप्पट वेळ खातं.

भरती-ओहोटी आधी काढा

रेवदंड्याचा समुद्राकडचा तट बाहेरून, वाळूवरून चालत पाहायचा असतो, आणि ते ओहोटीलाच जमतं. भरतीला पाणी तटाच्या जवळ येतं. म्हणून दुसऱ्या दिवसाचा क्रम भरती-ओहोटीवरून ठरवा.

किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी साधारण तीनला भरती. त्याच्या सहा तास आधी, सकाळी नवाला, पूर्ण ओहोटी. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, तेव्हा सकाळी नवाला भरती आणि दुपारी तीनला ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. अर्धा तास इकडेतिकडे होतो, पण घरच्या कालनिर्णयावर बेत आखायला एवढं पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास गेलात तर ओहोटी संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला येते आणि पाणीही एरवीपेक्षा बरंच आत जातं. रेवदंड्यासाठी याहून चांगली वेळ नाही.

कसं पोहोचावं

मुंबईकरांना दोन रस्ते. एक समुद्रातून: गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला लाँच किंवा कॅटामरान, साधारण तासाभराचा प्रवास. पुढे मांडवा ते अलिबाग बस, जी बहुतेक कंपन्यांच्या तिकिटातच धरलेली असते. पावसाळ्यात गेटवेची ही सेवा बंद असते. गाडी न्यायची असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे. दुसरा रस्ता पनवेल-पेण-वडखळ-अलिबाग, मुंबईहून शंभरेक किलोमीटर. वडखळ आणि पुढचा पोयनाड पट्टा सुट्टीच्या दिवशी किती वेळ घेईल याचा नेम नाही. पुण्याहून येणाऱ्यांनी खोपोली-पेणमार्गे यावं.

अलिबागहून रेवदंडा सतरा किलोमीटर आणि चौल त्याच्या अलीकडे. स्वतःची गाडी नसेल तर अलिबाग स्थानकातून रेवदंडा किंवा मुरुडची एसटी पकडा. मुरुडच्या गाड्या याच रस्त्याने जातात. सहा आसनी मिनीडोरही मिळते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं तुम्हाला वाटलं तरी चालकाला वाटेलच असं नाही. गावात फिरायला दिवसभरासाठी रिक्षा ठरवणं सर्वात सोयीचं. ठिकाणांची यादी आधी सांगा, थांबण्याचा वेळ धरून भाडं पक्कं करा, आणि 'हमामखाना माहीत आहे का?' असं विचारा. 'हो' म्हणणारा रिक्षावाला तुमचे दोन तास वाचवेल.

वाटेत आक्षी

अलिबाग सोडल्यावर लगेच आक्षी लागतं. इथला शिलालेख पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर सूर्य-चंद्र, खाली अक्षरांच्या ओळी आणि गद्धेगाळ (लेखातलं दान मोडणाऱ्याला शाप देणारं गाढवाचं शिल्प), अशी ही उभी शिळा. 'पश्चिमसमुद्राधिपती' आणि कोकणचक्रवर्ती असलेल्या केसिदेवरायाचा आणि त्याच्या भइर्जू नावाच्या महाप्रधानाचा उल्लेख तिच्यावर आहे. बरेच अभ्यासक तिचा काळ शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२ मानतात. तसं असेल तर श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध लेखाच्या बरोबरीने किंवा त्याआधीचा हा मराठीतला लेख ठरतो. काही जण हा काळ दोनशे वर्षं पुढे नेतात. वाद काहीही असो, अक्षरं आपल्या भाषेतली आहेत आणि दहा मिनिटं थांबून ती न्याहाळायला पैसे पडत नाहीत. अक्षरांवर खडू किंवा पाणी फिरवून फोटो काढायचा मोह आवरा. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, अक्षरं तशीच उठून दिसतात.

मुक्काम कुठे

रेवदंडा, चौल, नागाव सगळीकडे वाड्यांतल्या घरांमध्ये खोल्या मिळतात. नागावला समुद्राचे खेळ, गर्दी आणि रात्री उशिरापर्यंत गाणी. या सहलीसाठी माझं मत चौल किंवा रेवदंड्याच्या बाजूने. खोली घेताना तीन गोष्टी विचारा. जेवण घरचं मिळेल का आणि किती वाजेपर्यंत सांगावं लागेल. मासे कोणते येतात. आणि गाडी कुठे लावायची. शेवटचा प्रश्न विनोद नाही. नारळाखाली लावलेल्या गाडीच्या काचेचं काय होतं ते इथल्या कोणालाही विचारा. झाडाखाली खुर्ची टाकून बसणाऱ्यांनाही हाच सल्ला.

वाडीत राहिलात तर सकाळी तिथून एक चक्कर मारा. वर नारळ, मधल्या थरात पोफळी, त्यांवर चढलेले मिरीचे किंवा पानाचे वेल, मध्ये जायफळाचं एखादं झाड, आणि पाण्याचे पाट. बऱ्याच ठिकाणी पोफळी तरुण दिसतील, मधूनच मोकळं आकाश दिसेल. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं आणि वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला सहा-सात वर्षं जातात. वाडीवाल्यांशी बोलताना त्या दिवसाचा विषय निघतोच. निघाला तर घाई न करता ऐका.

पहिला दिवस: वरचं चौल

दुपारी पोहोचून जेवण उरका आणि साडेतीनच्या सुमारास निघा.

सुरुवात रामेश्वरापासून करा. हे चौलचं ग्रामदैवत. समोर मोठी चौकोनी पुष्करणी, तिच्या चारही बाजूंना पाण्यापर्यंत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, दीपमाळ, नंदी. देऊळ बाहेरून साधं, कौलारू उतरत्या छपराचं. थेट गाभाऱ्यात जाऊन परत फिरणाऱ्यांच्या हातून एक गोष्ट सुटते: इथे पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड अशी तीन कुंडं आहेत आणि ती एरवी झाकलेली असतात. पावसाने ओढ दिली की पर्जन्यकुंड उघडायची जुनी प्रथा आहे. नुसतं बघून ओळखू येणार नाहीत, पुजाऱ्यांना किंवा देवळात बसलेल्या एखाद्या काकांना विचारा. पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला काही विचारावं लागणार नाही. पुष्करणीच्या पायऱ्यांवर चपला घालून उतरू नका.

रामेश्वराहून सराईच्या बाजूला जा. निजामशाही चौलच्या खुणा या भागात आहेत: हमामखाना, कलावंतिणीचा वाडा म्हणून ओळखली जाणारी इमारत, आणि राजकोट या चौलच्या जुन्या कोटाच्या बाजूला मशिदीचे अवशेष. हमामखान्यात आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या. घुमटाला ठेवलेल्या झरोक्यांतून प्रकाश उतरतो आणि भिंतीतून पाणी खेळवण्याची सोय लक्षात येते. बंदरात उतरलेला व्यापारी महिनोन्महिन्यांच्या प्रवासानंतर इथे गरम पाण्याने आंघोळ करायचा हे लक्षात घेतलं की पडक्या भिंतींना अर्थ येतो. या वास्तूंकडे जाणाऱ्या वाटा पावसानंतर झुडपांनी भरतात. पायात बूट हवेत, अंगात लांब पँट हवी, आणि विजेरी जवळ ठेवा. अंधाऱ्या कोनाड्यांत वटवाघळं असतात, कधी साप.

१४६९च्या सुमारास रशियाच्या त्वेर शहराचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी याच बंदरात उतरला. बरोबर विकायला आणलेला एक घोडा होता. इकडे चांगला घोडा पैदा होत नाही आणि दख्खनच्या सुलतानांना घोडे कमी पडतात, एवढी बाजाराची माहिती त्याला होती. चौलहून तो जुन्नरला गेला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन म्हणून सांगितलं. खुरासानच्या एका माणसाने रदबदली केली तेव्हा कुठे घोडा सुटला. रेवदंड्यात शाळेच्या आवारात निकितिनचं स्मारक आहे. शाळा चालू असताना परवानगी घेऊनच आत जा.

पहिल्या दिवसाचा शेवट भोवाळ्याच्या दत्ताच्या डोंगरावर करा. पायऱ्या भरपूर आहेत, पण बांधीव आहेत. सावकाश चढलात तर अर्ध्या-पाऊण तासात वर. सूर्यास्ताच्या तासभर आधी चढायला लागा. देवदर्शन झालं की पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. खाली नारळी-पोफळीचा अखंड हिरवा पट्टा, त्यापलीकडे समुद्र, डावीकडे कुंडलिकेची खाडी आणि तिच्या तोंडाशी कोर्लईची सोंड. सकाळी नकाशावर पाहिलेलं सगळं बंदर आता एका नजरेत मावतं. याच डोंगररांगेत हिंगुळजा देवीचं ठाणं आणि काही साधी लेणी आहेत. हौस आणि वेळ दोन्ही असेल तर वेगळ्या सकाळी जा, अंधार पडायच्या बेतात असताना नको. गुडघे कुरकुरत असतील तर डोंगर सोडा आणि रामेश्वराच्या पुष्करणीवरच संध्याकाळ काढा.

दुसरा दिवस: रेवदंडा

ओहोटी सकाळी असेल तर आधी रेवदंडा आणि चारनंतर कोर्लई. दुपारी किंवा संध्याकाळी असेल तर सकाळी सातला कोर्लई गाठा आणि रेवदंडा नंतर.

रेवदंड्याच्या किल्ल्याला आगरकोटही म्हणतात. अलिबागहून येणारा रस्ता त्याच्या तटातूनच आत शिरतो, त्यामुळे आपण किल्ल्यात आहोत हे बऱ्याच जणांना कळतही नाही. अख्खं गाव, बाजार, वाड्या तटाच्या आत आहेत. दरवाजापाशी गाडीतून उतरा आणि वर पाहा. कोरलेल्या ढालीत पाच छोट्या ढाली दिसल्या तर ते पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह.

पोर्तुगीज इथे आले १५०५मध्ये. तीन वर्षांनी, मार्च १५०८मध्ये, इजिप्तच्या सुलतानाच्या आणि गुजरातच्या मलिक अय्याझच्या आरमाराने त्यांना खाडीच्या मुखाशी गाठलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचं जहाज बाहेर पडताना कोळ्यांनी मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत अडकलं आणि तो तिथेच मारला गेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांना बसलेला हा पहिला मोठा तडाखा. आजही खाडीत डोलीचे, म्हणजे मासे धरायच्या मोठ्या जाळ्यांचे, खांब दिसतात. पुलावरून जाताना भरतीच्या ओढीने ताणलेली जाळी पाहिलीत तर मोठं जहाज यात कसं फसलं असेल ते वेगळं सांगावं लागत नाही.

१५२१मध्ये बुऱ्हाण निजामशाहाने पोर्तुगीजांना किल्ला बांधू दिला. मोबदल्यात त्याला घोड्यांचा पुरवठा हवा होता. १५७०-७१मध्ये मुर्तझा निजामशाहाने याच किल्ल्याला मोठा वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. १६८३मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौलला वेढा दिला, तेव्हाही पोर्तुगीज टिकले. अखेर १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यानंतरच्या तहाने चौल १७४०मध्ये मराठ्यांकडे आलं. पण तोवर मुंबई वर येत होती, खाडी गाळाने भरत होती. चौलचे नावाजलेले रेशीम विणकरही मुंबईला सरकले होते.

फिरण्याचा क्रम असा ठेवा. आधी सातखणी मनोरा. हा फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा मनोरा. सात खणांपैकी वरचे पडलेत, तरीही नारळांच्या वर डोकं काढून उभा आहे. पायथ्याशी तोफा पडलेल्या आहेत. खणागणिक मनोरा थोडा आत घेतलाय, प्रत्येक खणाला खिडकी, आणि दगडांच्या सांध्यांतून पिंपळाची मुळं उतरलेली. जवळून पाहा, पण वर चढायचा प्रयत्न करू नका आणि भिंतीला टेकून फोटोही नको. मुळांनी दगड सैल केलेत.

तिथून समुद्राच्या बाजूला उतरा आणि वाळूवरून तटाला लागून चाला. इथली वाळू काळसर. तटात जागोजागी बुरूज, कुठे भगदाड, कुठे तटावरच वाढलेला वड. खाडीच्या टोकाकडे जाताना मुखाजवळ पाण्याला ओढ असते, तेव्हा तिथे पोहायला उतरू नका. गुडघाभर पाणीसुद्धा फसवं आहे.

बाकीचे अवशेष, म्हणजे जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन मठांच्या कमानी आणि भिंती, बहुतेक लोकांच्या खासगी वाड्यांत आहेत. नियम एकच: फाटकातून हाक मारा, "आत येऊन बघू का?" असं विचारा, हो म्हटलं तरच शिरा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. उलट "ती कमान मागे आहे, या दाखवतो" असं म्हणून स्वतः पुढे होतात. कुंपण ओलांडून शिरणाऱ्यांचा मात्र त्यांना उबग आलाय आणि ते रास्तच आहे. पडलेली सुपारी उचलू नका, ड्रोन उडवू नका.

रेवदंड्यात बेथ एल हे बेने इस्रायली या ज्यू समाजाचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे, १८४२चं. या किनाऱ्यावर हा समाज शतकानुशतकं तेलाचे घाणे चालवत होता. शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावं त्यांना 'शनिवार तेली' म्हणायची. चेऊलकर, रेवदंडेकर ही आडनावं आज इस्रायलमध्येही सापडतात आणि तिथल्या कित्येक घरांत मराठी अजून बोलली जाते. इथे आता मोजकी घरं उरली आहेत. सिनेगॉग बहुधा बंद असतं. देखभाल करणारी व्यक्ती भेटली आणि तिने उघडलं तर पुरुषांनी डोकं झाकून आत जावं आणि फोटोआधी विचारावं. शुक्रवारी सूर्यास्तानंतर आणि शनिवारी तिथे पर्यटक म्हणून जाऊ नका.

कोर्लई

रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की पाच-सहा किलोमीटरवर कोर्लई. पुलावर दुरुस्तीमुळे वाहतूक अधूनमधून अडते किंवा वळवली जाते. सकाळी निघण्याआधी घरमालकांना विचारून घ्या. साळावला टेकडीवरचं बिर्लांचं गणेश मंदिर दिसेल. वेळ उरला तर परतताना पाहा, नाही पाहिलं तरी या सहलीचं काही अडत नाही.

कोर्लई गावातून दीपगृहाकडे जाणारा रस्ता कोळीवाड्यातून जातो आणि फार अरुंद आहे. मोठी गाडी असेल तर अलीकडेच लावून चालत जा. वाटेत बोंबील, सुकट वाळत घातलेली असते, त्यावर पाय पडू देऊ नका. दीपगृह ठरलेल्या वेळात तिकीट काढून आतून पाहता येतं. दीपगृहामागून पायऱ्या किल्ल्यावर जातात आणि वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही वर असता.

किल्ला लांबट आणि चिंचोळा आहे. सोंडेच्या माथ्यावर पसरलेला, आडव्या भिंती आणि दरवाजांनी तुकड्यातुकड्यांत विभागलेला. एक भाग शत्रूने घेतला तरी पुढचा लढवता यावा म्हणून ही रचना. तरीही तो एका दिवसात पडला. १५९४मध्ये निजामशाहीने पोर्तुगीजांच्या नाकासमोर हा किल्ला बळकट केला आणि त्याच वर्षी पोर्तुगीजांनी त्यावर हल्ला चढवला. त्यांच्या वृत्तांतात असं आहे की दरवाजात हत्ती मरून पडल्यामुळे आतल्या सैन्याला तो बंद करता आला नाही, आणि पुढच्या दरवाजात तसाच घोडा आडवा आला. दरवाजांतून जाताना रुंदी नजरेने मोजा, मग गोष्ट पटते. माथ्यावर पाण्याचं टाकं, चॅपलचे अवशेष, पोर्तुगीज लेख आणि तोफा आहेत. उत्तर टोकाला गेलात की खाडीचं मुख अगदी पायाखाली येतं आणि समोर रेवदंड्याचा तट. दोन्ही काठांवर तोफा असल्या की मध्ये काय शिरणार!

खालच्या गावात कॅथलिक वस्ती आहे आणि तिची घरची बोली पोर्तुगीजपासून घडलेली आहे. १७४०नंतर पोर्तुगीज अधिकारी गोव्याकडे निघून गेले, कष्टकरी माणसं इथेच राहिली. गोव्याशी संबंध तुटला, आजूबाजूला सगळी मराठी. शब्द पोर्तुगीज राहिले, पण वाक्यातला त्यांचा क्रम मराठीच्या वळणावर गेला. ही माणसं तुमच्याशी उत्तम मराठी बोलतात. 'पोर्तुगीज बोलून दाखवा ना' असं म्हणून त्यांना तमाशा करायला लावू नका. चहा घेता घेता गप्पा रंगल्या तर दोन वाक्यं आपोआप कानावर पडतील.

खाणं आणि खरेदी

तांदळाची भाकरी, ताज्या मासळीचं कालवण, वालाचं बिरडं, घावन आणि नारळाचा रस एवढं मिळालं की इथलं खाणं झालं. जिताडा हा खाडीचा मासा इकडे मानाचा. भाव आधी विचारा, कारण तो वजनावर विकतात आणि बिल पाहून पुन्हा भूक लागते. शाकाहारी मंडळींनी आदल्या रात्रीच सांगून ठेवावं, मग बिरडं-भाकरीची पंगत चुकत नाही.

परतताना उन्हाळ्याच्या सुरुवातीला रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसतात. अलिबागच्या या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. खरा कांदा चवीला गोडसर, फारसा तिखट नसतो. एखादा कापून दाखवायला सांगा, विकणारा तयार असतो. सुकी मासळी घेणार असाल तर तीन पिशव्यांत गुंडाळून वर घट्ट डबा लावा, आणि मांडव्याहून लाँचने जाणार असाल तर ती बॅगेच्या तळाशी ठेवा. मांडव्याहून सुटणाऱ्या शेवटच्या लाँचची वेळ मोसमानुसार बदलते. ती आदल्या दिवशीच विचारा आणि रेवदंड्याहून निदान दोन तास आधी निघा, रविवार असेल तर तीन.